मुन्नालालचं ताट

आता बोरटोल्यात कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर कुणी कुणाच्या दारात ताट मागायला जात नाही. सौंदडच्या दुकानातून कागदी प्लेटा येतात, समोसे येतात, आणि अर्ध्या तासात पाहुणे मोटारसायकलींना किक मारून वाटेला लागतात. शालीकराम बिसेन आपल्या अंगणातल्या खाटेवर बसून हे बघतो, आणि बघवेनासं झालं की मान फिरवून तंबाखू मळत बसतो. त्याच्या मते टोल्यात घरोघर टीव्ही आले, पंखे आले, पलंग आले, आणि एक गंमत मात्र कायमची गेली. ती गंमत तुलाच केवढी महागात पडली होती, असं कुणी त्याला चिडवलं, तर तो हसून म्हणतो, "पडली बापा महागात. पन होती तं खरी."

टोला वीस-बावीस घरांचा, बहुतेक पोवारांचा. सगळ्या वस्तू धड आहेत असं एकही घर तेव्हा नव्हतं. कुणाकडे बैलजोडी होती तर पलंग नव्हता, कुणाकडे पलंग होता तर तो टाकायला नीट सपरी, म्हणजे ओसरी, नव्हती. म्हणून ज्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार, त्या घरी आदल्या दिवशी सगळा टोला आपापल्या घरातली एकेक चांगली वस्तू आणून ठेवायचा. मागावं लागत नसे. पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी ज्याची वस्तू त्याच्या घरी. टोल्यातल्या सगळ्या मुली अशाच भरल्या घरांतून सासरी गेल्या, आणि ह्या कानाची गोष्ट त्या कानाला कधी कळली नाही.

दोन हजार दोन सालच्या फाल्गुनात शालीकरामच्या ओमेश्वरीला बघायला पाहुणे यायचे ठरले. शालीकरामला बापाच्या वाटणीतली एक एकराची बांधी, त्यात धान व्हायचा. बाकी दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणा म्हणजे भातलावणी आणि कापणी, चैतात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, असं करत तो, बायको जमुनाबाई आणि एकुलती एक ओमी, तिघांचं पोट चालायचं. घर मातीचं, दोन खोल्यांचं, वीज नसलेलं. पण त्या दिवशी ते घर कुणी बघायला हवं होतं! अंगणवाडीतल्या सुमित्राबाईचा टीव्ही पेटीवर ठेवला होता, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि तार पेटीमागे खोचलेली. सपरीत पलीकडच्या घरातल्या रुख्माचा नवारीचा पलंग. भिंतीला कुणाची तरी सायकल. आणि दारात शेजारच्या मुन्नालाल रहांगडालेची पांढरी बैलजोडी, शिंगांना तेल लावलेली, तोंड मात्र सारखं मुन्नालालच्या गोठ्याकडे करून उभी.

"दादा, यायले इकडं तोंड करून बांध ना," मुन्नालाल म्हणाला.

"चारदा बांधलं. फिरूनच राहिले लेकाचे!" शालीकराम घाम पुसत म्हणाला. "तुहेच बैल, तुह्याच सारखे हट्टी."

मुन्नालालने काशाची सहा ताटंही दिली होती. त्याच्या आईच्या लग्नातली, जड, घासली की सोन्यासारखी दिसणारी. अडचण एवढीच होती की त्याच्या बापाने हौसेने गोंदियाच्या बाजारातून प्रत्येक ताटाच्या बरोबर मध्यावर मुलाचं नाव कोरून आणलं होतं. ओमीने ताटं घासताना ते बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"माय, नाव हाय वो याच्यावर."

जमुनाबाईने ताट हातात घेऊन बघितलं. बाई ठेंगणी, काटक, बोलायला फटकळ. "असू दे," ती म्हणाली. "नावावर भात घालीन मी. अना पाहुना उठेस्तोवर वाढतच राहीन. ताटाचा तळ दिसूच देत नाही."

भात तिच्या स्वतःच्या चिन्नोरचा होता. बांधीच्या एका कोपऱ्यात ती दरसाल मूठभर चिन्नोर लावायची, दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायची नाही, आणि मडक्यात झाकून ठेवायची. घरात शिजला तर वास चार घरं पलीकडे जायचा. उसन्या घरात तेवढी एक वस्तू तिची स्वतःची होती, आणि तिला तिचा फार अभिमान होता.

पाहुणे चिचगडकडचे होते. मुलाचा बाप दुर्गाप्रसाद कटरे, उंचपुरा, पिळदार मिशांचा, बोलायला अगदी कंजूस. त्याने बैलांवर एक नजर टाकली, टीव्हीवर एक टाकली, आणि पाटावर बसला. सोबत आलेल्या त्याच्या भावाचा उपास होता, तो नुसता बाजूला बसला. जमुनाबाईने ठरल्याप्रमाणे पहिल्या झटक्यात भाताचा डोंगर बरोबर मध्यावर घातला. मग डाळ, वांग्याची भाजी, तळलेल्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या. दुर्गाप्रसादने दोन घास खाल्ले की ही आली भात घेऊन. तो "पुरे" म्हणायचा, ही म्हणायची, "असं कसं इवाई, वावरातला हाय." अजून सोयरीक ठरलीसुद्धा नव्हती, पण तिने त्याला इवाई, म्हणजे व्याही, करून टाकलं होतं.

आणि नेमका तेव्हाच दारात एक गुरुजी येऊन उभा राहिला. डोक्याला कानांवरून बांधलेला रुमालाचा टापर, बगलेत कागदांचा गठ्ठा.

"शालीकराम बिसेन कोन है? दारिद्र्यरेषेचा सर्वे आहे. जल्दी सांगा, अभी दस घर बाकी हैत."

"गुरुजी, उद्या या ना. पाहुने आहेत घरी."

"उद्या मेरी ड्यूटी दुसऱ्या गावात. पाच मिनिटांचं काम आहे." आणि तो रुख्माच्या पलंगावर बसला सुद्धा. "बैल?"

शालीकरामने पाहुण्याकडे चोरून बघितलं. दुर्गाप्रसादचा घास हातातच थांबला होता.

"हाय ना. दिसून नाही राहिले का?"

"टीव्ही?"

"तोही हाय."

"जेवण? दोन वक्त पोटभर मिळतं का सालभर, का कधी एक वक्त?"

खरं म्हणजे श्रावणात त्या घरात कधीकधी एकच वेळ चूल पेटायची. पण होणारा व्याही समोर जेवतोय आणि बाप सांगेल का हे! शालीकरामने छाती पुढे काढली. "पाहुन्यासमोर का विचारता, गुरुजी? दोन वक्त का, चार वक्त खातो आमी."

गुरुजीने भराभर खुणा केल्या, सही घेतली आणि गेला. शालीकरामने सुटकेचा श्वास सोडला. त्याला वाटलं, संकट टळलं.

तेवढ्यात दुर्गाप्रसाद उठला. ताटात बरोबर मध्यावर मूठभर भात तसाच ठेवून उठला.

"इवाई, भात राहिला ना!" जमुनाबाई वाडगं घेऊन धावली.

"भरलं पोट, बाई," तो म्हणाला आणि हात धुवायला अंगणात गेला.

सोयरीक ठरली. वैशाखात लग्न झालं. मुलगा चांगला निघाला, ओमी सुखात राहिली. पण जमुनाबाईच्या मनातून तो मूठभर भात काही गेला नाही. ज्या घरात दाणा सांडला तर बोटाने वेचून घेतात, त्या घरात माणूस चिन्नोरचा भात टाकून उठला! व्याही पुढे चार-सहा वेळा आला, तर तिने त्याला साधा भात वाढला. "ज्याले कदर नाही त्याले चिन्नोर कायले?" ती म्हणायची. शालीकराम तिला चिडवायचा, की इवायाने भात टाकला नसता तर तुला बोलायला विषय कोणता राहिला असता. त्यावर ती हातातलं जे असेल ते त्याच्यावर उगारायची. आज खाटेवर बसल्या बसल्या शालीकरामला ते उगारलेलं लाटणं आठवलं, की अजूनही तो डोकं चुकवतो.

दोन हजार आठचा रोवणा लागला, तेव्हा ती चाळिशीच्या थोडी पुढे होती. टोल्यात तिच्याइतक्या झपाझप परे, म्हणजे भाताची रोपं, लावणारी बाई नव्हती. गुडघाभर चिखलात वाकली की एकदम पलीकडच्या बांधावर, धुऱ्याला जाऊनच पाठ सरळ करायची. त्या साली पहिल्याच दिवशी ती अर्ध्या बांधीत थांबली. हातातली जुडी चिखलात पडली. रुख्मा तिच्या शेजारच्या ओळीत होती.

"काय झालं वो, जमुना?"

"काही नाही. हवा लागून नाही राहिली."

वर वारा सुटला होता, ढग उतरले होते, सगळ्या बायांच्या डोक्यावरची मोरपंखी प्लास्टिकं फडफडत होती. रुख्माने तिला धरून धुऱ्यावर बसवलं. ती खोकली आणि तळहाताकडे बघून पटकन तो पाण्यात धुऊन टाकला. रुख्माने मात्र बघितलं. पाण्यात लाल धागा विरत गेला. संध्याकाळी रुख्मानेच शालीकरामला सांगितलं, कारण जमुनाबाई काही सांगणार नव्हती. तिचे पाय सुजले होते, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून महिनाभर ती भिंतीला टेकून बसूनच झोपत होती. शालीकराम रोज तिच्याच बाजूला झोपत होता आणि त्याला पत्ता नव्हता. ह्याची लाज त्याला कितीतरी वर्षं वाटत राहिली.

सौंदडच्या डॉक्टरने गोंदियाला पाठवलं, गोंदियाच्या डॉक्टरने नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाईने यंत्र छातीवर फिरवलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का तुमचे? ताप यायचा?"

"यायचा ना," जमुनाबाई म्हणाली. "माय कोंबडीची चरबी लावे."

त्या तापाने तेव्हाच हृदयाचा व्हॉल्व धरला होता. आता तो आकसून सुईच्या नेढ्याएवढा झाला होता. बदलावा लागेल, आणि दिवाळीच्या पुढे ढकलू नका, असं बाईने स्पष्ट सांगितलं. खर्चाचा आकडा शालीकरामने पुन्हा एकदा सांगायला लावला. तेव्हा बाईच म्हणाली, "पिवळं रेशनकार्ड असेल ना? मग सरकारी योजनेत होतं. तुम्हाला काही भरावं लागणार नाही."

शालीकरामकडे केशरी कार्ड होतं.

तहसीलीत तो तीन दिवस बाकावर बसला. चौथ्या दिवशी बाबूने फडताळातून गठ्ठा काढला, धूळ झटकली, आणि सहा वर्षांपूर्वीचा तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

"बैलजोडी एक. रंगीत टीव्ही एक. पलंग, सायकल. दोन वेळ पोटभर जेवण." त्याने चष्म्यावरून बघितलं. "भाऊ, तुम्ही तर पाटील दिसता गावचे!"

बाकावरची माणसं हसली. शालीकरामही हसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. त्याच्या पायात चप्पल नव्हती आणि त्याने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"साहेब, ते सामान माह्या घरचं नव्हतं."

"मग कोणाच्या घरचं होतं?" बाबू माणूस वाईट नव्हता. त्याने कागद बाजूला ठेवला. "हे बघा, आता घर रिकामं आहे म्हणाल तर वरचे म्हणतील विकलं असेल. यादीत चूक झाली होती, ह्या वस्तू ह्यांच्या कधीच नव्हत्या, असा ग्रामसभेचा ठराव आणा. ज्याची वस्तू त्याने सभेत सांगावं, सही करावी. पंधरा ऑगस्टला सभा आहे. कार्ड बदलून देतो."

घरी येऊन शालीकरामने हे सांगितलं, तर जमुनाबाई भिंतीला टेकली होती ती ताठ झाली.

"भर सभेत सांगान? का पोरीची सोयरीक उसन्या सामानावर केली म्हून?"

"मंग का करू?"

"ओमीच्या सासरी समजन. तो मानूस आधीच आपला भात टाकून गेला. आता म्हनन, भिकाऱ्याची पोरगी आनली, लबाडी करून देल्ली. जलमभर ऐकावं लागन तिले." बोलता बोलता तिला धाप लागली. "मी मेली तं चालन. पन पोरीची मान खाली नोको."

"मंग बांधी इकतो."

"इका. पन मंग मी दवाखान्यात पायच ठेवत नाही. मले जगवाले वावर इकान अना मंग दोघं मिळून खाऊ का?"

शालीकराम बाहेर येऊन सपरीत बसला. मुन्नालाल कुंपणापलीकडे बैलांना तणस टाकत होता. ती पांढरी जोडी आता म्हातारी झाली होती. त्याने सगळं ऐकलं होतं, भिंती काही एवढ्या जाड नव्हत्या.

"दादा, मी सांगतो सभेत," तो म्हणाला. "बैल माहे, ताटं माही. सुमित्राबाई तिच्या टीव्हीचं सांगन. चिचगड कोठी अना बोरटोला कोठी! तिकडं कोन सांगाले जाते?"

शालीकराम उठून कुंपणाजवळ गेला. हळूच म्हणाला, "ओमीच्या मायले सांगू नोको मंग." बायकोच्या पाठीमागे केलेलं हे त्याचं आयुष्यातलं पहिलंच काम असेल.

पंधरा ऑगस्टला पाऊस उघडला होता. शाळेतलं झेंडावंदन आटोपून लोक ग्रामपंचायतीच्या पडवीत जमत होते. शालीकराम धुतलेला पायजमा आणि डोक्याला टोपी घालून दाराबाहेर पडतो, तर समोरून चिखल तुडवत ओमी येत होती, कडेवर पोर. तिच्या मागे छत्री घेऊन दुर्गाप्रसाद.

"रोवणा आटोपला," तो म्हणाला. "सुनबाई मायसाठी जीव टाकून राहिली होती. म्हटलं, घेऊन जाव." मग टोपीकडे बघून, "कोठी निघाले, शालीकभाऊ?"

"सभेले." तोंडातून निघून गेलं.

"चाला मंग. मीही येतो. बायांत बसून मी का करू?"

आता ह्याला नको म्हणायचं तरी कसं! शालीकराम पुढे आणि व्याही मागे, असे दोघं निघाले. शालीकरामला ती दोनशे पावलांची वाट कधी संपू नये असं वाटत होतं.

पडवीत ताडपत्र्या अंथरल्या होत्या. ग्रामसेवकाने रस्ता, हातपंप, शाळेचं छप्पर असे विषय घेतले, आणि मग कागद उचलला. "शालीकराम बिसेन यांचा दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या दुरुस्तीचा अर्ज. सांगा, शालीकराम."

शालीकराम उठला. त्याच्या डाव्या हाताला मुन्नालाल होता, उजव्या हाताला दुर्गाप्रसाद. डोळ्यांसमोर ओमी येत होती, पोर कडेवर घेऊन चिखलातून येणारी, आणि तिच्या मागे भिंतीला टेकून बसलेली तिची आई. एकीसाठी बोलायचं होतं आणि एकीसाठी गप्प राहायचं होतं. मुन्नालाल उठायला लागला, तर शालीकरामने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली ओढलं.

"बोला ना," ग्रामसेवक म्हणाला.

"राहू द्या, साहेब. काही सांगाचं नाही."

"अहो, बाईंचं ऑपरेशन आहे ना तुमच्या? आज ठराव झाला नाही तर पुढची सभा दोन ऑक्टोबरला. मग कार्ड कधी, नागपूर कधी?"

शालीकराम खाली बसला. ताडपत्रीवरच्या चिखलाकडे बघत राहिला. सभेत कुजबुज झाली. ग्रामसेवकाने नाइलाजाने कागद उलटा ठेवला.

"काय मामला हाय हा?" दुर्गाप्रसादने विचारलं. ग्रामसेवकाने कागद पुन्हा सरळ करून वाचून दाखवला. बैलजोडी, टीव्ही, पलंग, सायकल, दोन वेळ पोटभर जेवण.

दुर्गाप्रसाद उठला. एवढा कमी बोलणारा माणूस, त्याला उभं बघून मागची माणसंही पुढे सरकली.

"मी परगावचा हाव. मले बोलाचा हक नाही. पन तो गुरुजी आला, तवा मी त्या घरात जेवून राहिलो होतो. तो कागद खोटा हाय. बैल शालीकभाऊचे नव्हते. सारा वक्त त्या बाजूच्या गोठ्याकडं पाहून राहिले होते. टीव्हीची तार पेटीमागं मोकळीच होती. अना ताट," त्याने मुन्नालालकडे बोट केलं, "ताट या भाऊचं होतं. नाव लिहून होतं."

शालीकरामने मान वर केली. "नाव दिसलं होतं तुमाले?"

"पाटावर बसलो, तवाच. बाईनं भात घालाच्या आधी." दुर्गाप्रसादने मिशीवरून हात फिरवला. त्याला एवढं बोलण्याची सवय नव्हती. "मंग बाई वाढतच राहिली, वाढतच राहिली. मले समजलं, नाव झाकाले वाढून राहिली. मीही जेवत राहिलो. पन पोटाले हद असते ना! शेवटी जागाच नाही राहिली. म्हटलं, ताट साफ केलं तं नाव उघडं पडन, माहा भाऊ बाजूले बसला होता, तो वाचन. म्हून नावापुरता भात ठेवून उठलो."

कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले.

"समजलं होतं तं सोयरीक काऊन केली?" सुमित्राबाईने बायांच्या बाजूने विचारलं.

"एका पोरीसाठी येवढे लोकं आपल्या घरचं सामान काढून देतेत, तं पोरगी चांगलीच असन म्हटलं," दुर्गाप्रसाद म्हणाला आणि खाली बसला. "हाय बी चांगली."

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की ग्रामसेवकाला लिहिताना हात पुरेना. मुन्नालाल उठला, "बैल माहे. ताटं माही." सुमित्राबाई उठली, "टीव्ही माहा होता, अजून हाय." रुख्मा उठली, "पलंग माहा." सायकलीसाठी तर दोघं उठले, आणि त्यांची थोडी बाचाबाचीही झाली. सहा वर्षांपूर्वी जे लोक एकेक वस्तू घेऊन शालीकरामच्या घरी आले होते, तेच आज एकेक करून ती परत न्यायला उभे राहिले. आपण सगळ्या गावासमोर गरीब ठरतो आहोत, हे शालीकरामला कळत होतं. पण त्याला त्याची लाज वाटली नाही. त्याला रडू येत होतं, ते वेगळ्याच कारणाने.

"दोन वेळ जेवणाचं काय लिहू?" ग्रामसेवकाने विचारलं.

"ते मी खोटं सांगितलं होतं, साहेब," शालीकराम उभा राहून म्हणाला. "श्रावणात एक वक्त." आणि त्याने सही केली.

सभा सुटायच्या आतच तो घराकडे धावला. जमुनाबाई भिंतीला टेकून नातवाला खेळवत होती, ओमी चुलीजवळ होती. धापा टाकत त्याने सगळं सांगितलं, आधी भाताचं आणि मग कार्डाचं. जमुनाबाई ऐकत राहिली. कार्डाबद्दल तिने एक शब्द विचारला नाही.

"नाव झाकाले भात ठेवला त्यानं?"

"होय."

"मंग सांगाचं नव्हतं का?" तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि ती हसायलाही लागली, आणि दोन्ही एकदम करायला तिला श्वास पुरेना. ओमीने तिची पाठ चोळली. "सहा सालं! सहा सालं मी त्या मानसाले शिव्या देऊन राहिली! साधा भात वाढला मी त्याले, ओमे!"

पिवळं कार्ड भादव्यात हातात पडलं. नागपूरला जायच्या दिवशी टोल्याने पुन्हा सामान काढलं. रुख्माने चादर दिली, सुमित्राबाईने थर्मास, मुन्नालाल स्वतःच सोबत गेला आणि सतरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात शालीकरामशेजारी झोपला. रक्त लागलं तेव्हा दुर्गाप्रसादचा मुलगा, म्हणजे ओमीचा नवरा, चिचगडहून आला. जमुनाबाई परत आली ती अर्ध्या वजनाची, छातीवर उभी शिवण घेऊन. पण आडवी झोपायला लागली. पहिल्या रात्री तिला सरळ पडलेली बघून शालीकराम कितीतरी वेळ तिच्याकडे नुसता बघत बसला.

त्या साली तिचा चिन्नोर रुख्माने लावला होता, आणि कापला सुमित्राबाईने. पौषात नवा तांदूळ घरात आला तशी जमुनाबाईने चिचगडला निरोप धाडला. आणि मुन्नालालच्या घरी जाऊन ताट मागितलं.

"वहिनी, आता कायले?" मुन्नालाल म्हणाला. "तुमच्या घरचं ताट हाय ना. सारं तं समजलं त्यायले."

"तेच ताट पायजे मले," ती म्हणाली.

दुर्गाप्रसाद पाटावर बसला. जमुनाबाईला वाकायला अजून मनाई होती, म्हणून ओमीने तिच्यासाठी समोर दुसरा पाट मांडला, आणि तिने बसून आपल्या हाताने वाढलं. भात बरोबर मध्यावर. घरभर वास सुटला होता. टोल्यातले निम्मे लोक काही ना काही निमित्त काढून दारात उभे होते. ह्या वेळी ती एकदाच वाढून थांबली, हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

दुर्गाप्रसाद सावकाश जेवला. शेवटचा घास घेतला, मग बोटाने ताटाच्या कडा पुसल्या, मग तळ पुसला. एक शीत राहिलं नाही. काशाच्या त्या चकचकीत तळावर अक्षरं लख्ख वर आली. त्याने मान तिरकी केली आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचलं, "मुन्नालाल रहांगडाले."

मग त्याने ताट जमुनाबाईच्या पुढे सरकवलं.

"बाई, आता आनखी वाढा," तो म्हणाला. "त्या दिवशीचा मूठभर भात राहिलाच हाय माहा."